संन्यासिनींचे मठ

‘कॉन्व्हेंट’ हा शब्द मराठी घरांत आतां इतका रुळला आहे कीं, त्याचा मूळ अर्थ विचारण्याची गरज कोणास वाटत नाहीं. मुलगी कॉन्व्हेंटांत जाते म्हणजे ती इंग्रजी शाळेंत जाते, तिचा गणवेश नीटनेटका असतो, आणि घरीं आल्यावर ती आजीशीं अर्धें मराठी व अर्धें इंग्रजी बोलते, एवढाच बोध या शब्दानें होतो. अलीकडे तर ज्या शाळांचा ख्रिस्ती धर्माशीं कांहींएक संबंध नाहीं, त्यांच्याहि पाट्यांवर हा शब्द झळकत असतो. वस्तुतः कॉन्व्हेंट म्हणजे शाळा नव्हे. ‘एकत्र येणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो शब्द निघाला असून, धर्मासाठीं संसार सोडून एकत्र राहणाऱ्या व्यक्तींचा, आणि रूढ अर्थानें स्त्रियांचा मठ, असा त्याचा अर्थ आहे. शाळा ही त्या मठाची एक शाखा. फांदी सर्वांस ठाऊक झाली आणि झाड मात्र विस्मृतींत गेलें, असा हा प्रकार आहे.

हें झाड फार जुनें आहे, आणि तें एकाच धर्माच्या भूमींत उगवलें असेंहि नाहीं. पिता, पति आणि पुत्र या तिघांच्या छत्राखालीं स्त्रीचें आयुष्य जावयाचें, अशी व्यवस्था बहुतेक सर्व प्राचीन समाजांनीं ठरवून टाकली होती. परंतु जिला हें तिहेरी छत्र नको असेल, किंवा दैवानें जिच्या डोक्यावरून तें काढून घेतलें असेल, तिनें सन्मानानें राहावें तरी कोठें? या प्रश्नाला समाजानें दिलेलें सर्वांत जुनें उत्तर म्हणजे संन्यासिनींचा मठ होय. तें उत्तर पुरें होतें काय, आणि आज त्याची आवश्यकता कितपत उरली आहे, हें पाहावयाचें तर इतिहासांत थोडें मागें गेलें पाहिजे.

गौतम बुद्धाची मावशी आणि पालनकर्ती महाप्रजापती गौतमी हिनें संघांत प्रवेश मागितला, तेव्हां बुद्धानें तो प्रथम नाकारला. आनंदानें रदबदली केल्यावर आठ कडक नियम घालून मग तो मान्य केला, अशी कथा विनयपिटकांत आहे. त्या नियमांप्रमाणें शंभर वर्षें संघांत घालविलेल्या भिक्षुणीनेंहि कालपरवां दीक्षा घेतलेल्या भिक्षूस वंदन करावयाचें होतें. दार उघडलें, पण उंबरठा उंच ठेविला. तरीहि त्या दारांतून शेंकडों स्त्रिया आंत गेल्या, आणि त्यांच्या मुखांतून निघालेलीं पद्यें ‘थेरीगाथा’ या नांवानें पाली वाङ्मयांत आजवर टिकून राहिलीं. महाराष्ट्रांतील लेण्यांवरहि या स्त्रियांच्या खुणा आहेत. कोंकणांतील कुडें येथें पदुमनिका नांवाच्या एका प्रव्रजितेनें चैत्यगृह दान केल्याचा लेख आहे. तर जुन्नरच्या एका लेखांत धम्मोत्तरीय पंथाच्या, नगरांत असलेल्या भिक्षुणींच्या आश्रयस्थानाचा स्पष्ट उल्लेख आढळतो. जुन्नरसारख्या व्यापारी गांवांत, भर वस्तींत, स्त्रियांचा एक मठ होता आणि गृहस्थांच्या घरच्या स्त्रिया त्याला देणगी देत होत्या, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. जैन साध्वींची परंपरा तर तेव्हांपासून आजतागायत अखंड चालू आहे. पुढें तेराव्या शतकांत चक्रधरांनीं आपल्या पंथाचें दार स्त्रियांस मोकळें केलें, आणि त्यांच्या शिष्यपरिवारांतील महदाइसा ही मराठींतील आद्य कवयित्री ठरली, हेंहि सर्वश्रुत आहे.

परंतु चार भिंतींच्या आंत जन्मभर कोंडून घेणाऱ्या युरोपीय पद्धतीच्या मठाचें पूर्ण चरित्र पाहावयाचें असेल, तर त्यासाठीं गोव्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं. जुन्या गोव्यांत, मांडवीच्या कांठीं असलेल्या टेंकडीवर, सांता मोनिकेचा मठ उभा आहे. त्याचा जन्म, भरभराट आणि अंत यांच्या तारखा ठाऊक आहेत. म्हणून एका संस्थेचें संपूर्ण आयुष्य तेथें एकाच वास्तूंत वाचतां येतें.

१५१० सालीं आल्बुकेर्कनें गोवें जिंकलें. त्यानंतर पोर्तुगालहून येणारे शिपाई, व्यापारी आणि अधिकारी बहुधा एकटे येत. समुद्रप्रवास सहा-सहा महिन्यांचा, हवा रोगट आणि लढाया वरचेवर. त्यामुळें या नव्या शहरांत विधवा आणि पोरक्या मुली यांची संख्या वाढत गेली. लिस्बनहून ‘राजाच्या अनाथ कन्या’ म्हणून मुलींच्या लहान लहान तुकड्या गोव्यास पाठविल्या जात, आणि त्यांच्याशीं लग्न करणाऱ्यास एखादी सरकारी नोकरी हुंड्यादाखल मिळे. म्हणजे मुलीबरोबर पगार आणि पगाराबरोबर मुलगी, असा तो व्यवहार होता. दुसरीकडे गोव्यांतच स्थायिक झालेल्या बड्या पोर्तुगीज घराण्यांना निराळीच चिंता होती. आपल्या दर्जाचा जांवई मिळवावयाचा तर हुंडा प्रचंड लागे. तीन-चार मुली असलेल्या बापास तो झेपणें शक्यच नसे. मठांत जाणाऱ्या मुलीलाहि कांहीं रक्कम न्यावी लागे, परंतु ती लग्नाच्या हुंड्याहून पुष्कळ कमी असे. हा हिशेब युरोपांतील सरदार घराण्यांनीं पूर्वींच करून ठेविला होता. गोव्यांतील घराण्यांनींहि तो केला.

अशा परिस्थितींत १५९५ सालीं आलेक्सो द मेनेझिस हा ऑगस्टिनियन संघाचा धर्मगुरु गोव्याचा आर्चबिशप म्हणून आला. हा मोठा कर्ता, करारी आणि हुकमी स्वभावाचा मनुष्य. मलबारांतील जुन्या सिरियन ख्रिस्ती लोकांना रोमच्या शिस्तींत आणण्यासाठीं १५९९ सालीं उदयंपेरूर येथें सभा भरविणारा तो हाच. गोव्यांतील स्त्रियांच्या प्रश्नाकडे त्यानें तितक्याच करडेपणानें लक्ष दिलें. पति परदेशीं गेलेल्या स्त्रिया आणि अनाथ मुली यांच्यासाठीं एक निवारागृह, वाममार्गास लागलेल्या परंतु परत फिरूं इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठीं दुसरें, आणि व्रतस्थ स्त्रियांसाठीं मठ, अशी तिहेरी योजना त्यानें केली. मठाचा पाया १६०६ सालीं घातला गेला. संत ऑगस्टिनची माता संत मोनिका हिचें नांव त्याला देण्यांत आलें, आणि फिलिपा दा त्रिंदाद या विधवा स्त्रीनें त्याची पहिली मुख्याधिकारिणी म्हणून सूत्रें हातीं घेतलीं. पूर्वेकडील पोर्तुगीज प्रदेशांतील स्त्रियांचा हा पहिलाच मठ.

इमारत पुरी होण्यास १६२७ साल उजाडलें. जांभ्या दगडाची तीन मजली प्रचंड वास्तु, मधोमध चौक, चौकाभोंवतीं कमानींच्या ओवऱ्या, एका अंगाला चर्च आणि बाहेरच्या भिंतींना आधार म्हणून बांधलेले जाड दगडी टेकू, असें तिचें स्वरूप आहे. बाहेरून पाहणारास ती किल्ल्यासारखी वाटते, आणि तशी ती वाटावी हाच बांधणारांचा हेतु होता. स्त्रियांनीं एकदां आंत गेल्यावर बाहेर यावयाचें नाहीं आणि बाहेरच्यांनीं आंत जावयाचें नाहीं, असा नियम पोप आठवा बोनिफेस यानें १२९८ सालींच केला होता. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं तो पुन्हां कडक केला. भेटीस आलेल्या आप्तांशीं लोखंडी जाळीआडून बोलावयाचें. बाजारहाट, पत्र किंवा फळफळावळ ही भिंतींत बसविलेल्या फिरत्या लांकडी पिंपांतून आंत घ्यावयाची, म्हणजे देणाराचें तोंड घेणारीस दिसूं नये, अशी अशा मठांची रीत असे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतें. रात्रंदिवस ठराविक प्रहरीं सामुदायिक प्रार्थना. आणि जुनें नांव टाकून घेतलेलें नवें नांव, असा हा नवा जन्म होता.

याच ट्रेंटच्या परिषदेनें आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती फारशी कोणाच्या ध्यानांत राहिलेली नाहीं. सोळा वर्षें पुरीं झाल्याखेरीज आणि एक वर्ष उमेदवारी केल्याखेरीज कोणासहि व्रत देऊं नये. मुलगी स्वेच्छेनें येत आहे कीं नाहीं याची धर्माधिकाऱ्यानें स्वतः चौकशी करावी. आणि जो कोणी स्त्रीला बळानें मठांत लोटील तो धर्मबहिष्कृत समजावा, असा तो निर्णय होता. म्हणजे स्त्रीची संमति हा मठाचा पाया आहे, हें सोळाव्या शतकांत कागदावर तरी मान्य झालें होतें. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला धर्मगुरु विचारणार, ‘तूं स्वखुशीनें आलीस ना?’, आणि तिच्या मागें बाप उभा असणार. अशा वेळीं तिच्या ‘होय’ या शब्दाचें मोल काय, हें कोणत्याहि परिषदेस ठरवितां येण्याजोगें नव्हतें.

मठांत समता होती असेंहि नाहीं. गोऱ्या कुळांतील, पुरेशी रक्कम घेऊन आलेल्या स्त्रियांस काळी ओढणी मिळे. प्रार्थनेंत व निवडणुकींत त्यांचा अधिकार. पांढऱ्या ओढणीच्या स्त्रियांकडे कष्टाचीं कामें येत. देशी ख्रिस्ती स्त्रीस, ती कितीहि भाविक असली तरी, बहुधा सेविकेच्या किंवा फार तर पांढऱ्या ओढणीच्या पायरीवर थांबावें लागे. संसार उंबऱ्याबाहेर टाकून आलेल्या या स्त्रियांबरोबर वर्ण आणि कूळ हीं मात्र उंबरा ओलांडून आंत आलीं होतीं.

मठाची कीर्ति आणि संपत्ति झपाट्यानें वाढली. १६३६ च्या फेब्रुवारींत चर्चमधील क्रूसावरच्या ख्रिस्तमूर्तीनें डोळे उघडले व तिच्या जखमांतून रक्त आलें असें मठवासिनींनीं सांगितलें, आणि शहरभर भाविकांची गर्दी लोटली. त्याच वर्षाच्या अखेरीस लागलेल्या आगींत मठाचा मोठा भाग जळाला. परंतु देणग्यांचा ओघ असा होता कीं, तो लौकरच पुन्हां उभा राहिला. राजाश्रय मिळून तो ‘राजमठ’ म्हणून ओळखला जाऊं लागला. श्रीमंत विधवा आपल्या जमिनी व दागिने घेऊन आंत जात आणि तें द्रव्य मठाचें होई. याची शहराला झळ लागूं लागली. गोव्याच्या नगरसभेनें लिस्बनला तक्रारी धाडल्या कीं, चांगल्या घरच्या वधू आणि त्यांचे हुंडे हा मठ गिळून टाकीत आहे. राजाच्या चाकरींत रक्त सांडणाऱ्या पुरुषांनीं लग्नें कोणाशीं करावीं? मठवासिनींच्या संख्येला शंभराची मर्यादा होती, तरी ती पाळली जात नाहीं, असाहि आरोप होता. हा तंटा पुष्कळ वर्षें चालला. या वादांत नगरसभेनें मुलींची बाजू म्हणून एक शब्दहि काढलेला दिसत नाहीं. एका पक्षाला त्या लग्नासाठीं हव्या होत्या, दुसऱ्याला प्रार्थनेसाठीं. आणि दोघांनाहि त्यांच्या हुंड्याचा विसर पडलेला नव्हता.

तथापि मठाची दुसरी बाजू न सांगणें हा अन्याय होईल. ज्या काळांत बहुतेक स्त्रियांना लिहिणें-वाचणें येत नसे, त्या काळांत मठांतील स्त्रिया लॅटिन प्रार्थना वाचीत, गायनवादन शिकत, जमिनींचे हिशेब ठेवीत, खटल्यांचे अर्ज लिहीत आणि आपली मुख्याधिकारीण ठराविक मुदतीनें स्वतः निवडीत. स्त्रियांनीं मत देऊन स्त्रीला सत्तेवर बसविण्याची दुसरी जागा त्या जगांत नव्हती. गोव्यांत मठ भरास आला असतां, तिकडे मेक्सिकोंत सोर ह्वाना इनेस दे ला क्रूस ही विदुषी १६६९ सालीं मठांत गेली. विवाहाची आपणांस मुळींच रुचि नव्हती आणि अभ्यासासाठीं निवांतपणा हवा होता, हें तिनें पुढें स्वतःच्या लेखणीनें लिहून ठेविलें. तिच्यासारखीला मठ म्हणजे तुरुंग नव्हता. तो ग्रंथालयाचा एकमेव रस्ता होता. परंतु शेवटीं तिचीं पुस्तकेंहि सुटलीं, हेंहि विसरतां येत नाहीं. गोव्यांतील स्त्रियाहि केवळ मुकाट्यानें माळ ओढणाऱ्या नव्हत्या. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकांत आर्चबिशप इनासियो द सांता तेरेझा आणि मठांतील एक मोठा गट यांच्यांत अधिकारावरून असा कलह माजला कीं, त्याचे कागद लिस्बनपर्यंत गेले. आज्ञापालनाचें व्रत घेतलेल्या स्त्रियांनीं आज्ञा कोणाची आणि कोठपर्यंत पाळावयाची, असा प्रश्न उघडपणें विचारला होता.

स्वयंपाकघरांतहि या मठाची आठवण राहिली आहे. नारळाचें दूध, अंड्यांचा बलक आणि साखर यांच्या एकावर एक थरांची बिबिंक ही गोव्याची मिठाई सांता मोनिकेच्या मठांतील बेबियाना नांवाच्या स्त्रीनें प्रथम केली, अशी लोककथा तेथें सांगतात. कथेची खातरी कोणी देऊं शकणार नाहीं. परंतु एक एक थर धीरानें भाजीत बसण्याचें हें काम मठांतील दीर्घ दुपारींना शोभणारें आहे, यांत शंका नाहीं.

गोव्याचें वैभव ओसरूं लागलें तसें मठाचेंहि तेज उतरलें. सांथींनीं शहर पोखरून टाकलें. १७३९ सालीं चिमाजी अप्पानें वसई घेतली आणि उत्तरेकडील समृद्ध मुलूख पोर्तुगीजांच्या हातून गेला. त्याबरोबर गोव्यांतील धर्मसंघांच्या उत्पन्नावर मोठा घाला पडला. १७५९ सालीं व्हाइसरॉयनें आपलें बिऱ्हाड जुन्या शहरांतून हालविलें. मग आला तो निर्णायक घाव. १८३४ सालीं पोर्तुगालांतील उदारमतवादी सरकारनें पुरुषांचे सर्व धार्मिक मठ बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली, आणि पुढल्या वर्षीं गोव्यांत त्याची अंमलबजावणी झाली. समोरच्याच ऑगस्टिनियन मठांतील साधु निघून गेले. त्यांच्या त्या भव्य चर्चचें छत १८४२ सालीं कोसळलें. स्त्रियांना मात्र बाहेर काढलें नाहीं. आहेत त्यांनीं मरेपर्यंत राहावें, परंतु नवी एकहि मुलगी आंत घेऊं नये, असें ठरलें.

या आज्ञेचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. एखाद्या घरांत यापुढें मूल जन्मावयाचें नाहीं, असें सांगण्यासारखेंच तें होतें. १८४३ सालीं राजधानी पणजीस गेली. जुन्या गोव्याच्या रस्त्यांवर गवत माजलें, वाड्यांतून माडांचीं रोपें वर आलीं. आणि त्या ओसाड नगरींत, शंभर जणींसाठीं बांधलेल्या ओवऱ्यांतून कांहीं वृद्ध स्त्रिया प्रार्थनेची घंटा वाजवीत राहिल्या. दरवर्षीं आवाज एकेकानें कमी होत गेला. बाहेरच्या जगाला त्यांच्याविषयीं राहिलें होतें तें निव्वळ कुतूहल. रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या वर्णनांत, एका इंग्रज अधिकाऱ्यानें या मठांतील तरुण संन्यासिनीस पळविण्याचा बेत केला आणि अंधारांत चुकून भलत्याच प्रौढ अधिकारिणीस उचलून नेलें, अशी एक चावट कथा नोकराच्या तोंडीं घातली आहे. वाचक हंसले असतील. आंतल्या म्हाताऱ्यांना त्याचा पत्ताहि नसेल. १८८५ सालीं सांता मोनिकेची शेवटची संन्यासिनी वारली, आणि मठाचें दार बंद झालें. पुढें त्या वास्तूचा उपयोग लष्करी बराकींसाठीं करण्यांत आला.

तें १८८५ साल महाराष्ट्राच्या इतिहासांतहि साधें नाहीं. पुण्यांत हुजूरपागेंतील मुलींची शाळा निघून एकच वर्ष झालें होतें. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास वैद्यकाच्या अभ्यासाचें अखेरचें वर्ष काढीत होत्या. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईच्या हायकोर्टांत रखमाबाईच्या खटल्याचा पहिला निकाल लागला. अकराव्या वर्षीं, तिच्या संमतीचा प्रश्नच न येतां, तिचें लग्न लावून देण्यांत आलें होतें. मोठी झाल्यावर त्या पतीकडे नांदावयास जाण्याचें तिनें साफ नाकारलें. न्यायमूर्ति पिनी यांनीं तिच्या बाजूनें निकाल दिला. अपिलांत तो फिरला. आणि १८८७ सालीं, नांदावयास जा नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला. रखमाबाईनें तुरुंगाची तयारी दाखविली. अखेरीस तडजोड होऊन प्रकरण मिटलें, आणि पुढें ती विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परतली. मठाच्या दारांत तीन शतकांपूर्वीं निदान तोंडदेखला विचारलेला प्रश्न, ‘तूं स्वखुशीनें आलीस ना?’, हाच आतां विवाहाच्या दारांत मोठ्यानें विचारला जात होता.

महाराष्ट्रांतील वरिष्ठ जातींच्या घरांकडे पाहिलें म्हणजे हें साम्य अधिकच खुपतें. या घरांना स्त्रियांचे मठ नव्हते, म्हणून येथें कोणी मुलींना कोंडीत नव्हतें, असें समाधान मानण्यास जागा नाहीं. केशवपन केलेली, तांबडें आलवण नेसलेली, एकभुक्त राहून माजघराच्या कोपऱ्यांत आयुष्य काढणारी बालविधवा ही संन्यासिनी नव्हती तर काय होती? तिच्यावर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन हीं तिन्ही व्रतें लादलेलीं होतीं. फक्त तीं तिनें घेतलेलीं नव्हतीं. सांता मोनिकेच्या स्त्रीला एक ओळखीचा वेष, सोबत, लिहिणें-वाचणें आणि मत देण्याचा अधिकार तरी होता. आलवणांतल्या स्त्रीला यांपैकीं कांहींच नव्हतें. मठाच्या भिंती नव्हत्या; पण मठ होता.

पंडिता रमाबाईंनीं हें नेमकें ओळखलें. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत वाँटेज येथें अँग्लिकन संन्यासिनींच्या मठांत जाऊन राहिल्या. पतित म्हणून समाजानें टाकलेल्या स्त्रियांची तेथें शुश्रूषा होते, हें पाहून त्यांचें मन हेलावलें. परंतु धर्मविषयक बाबतींत डोळे मिटून आज्ञा पाळण्याची वेळ आली, तेव्हां आपली बुद्धि दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्यांनीं नकार दिला. मठांतील सेवा त्यांनीं घेतली आणि आज्ञापालन मात्र तपासून घेतलें. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें आणि पुढें केडगांवास मुक्तिसदन उभें केलें. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली आणि कांहीं वर्षांनीं हिंगण्यास आश्रम बांधला. मेनेझिसला १६०६ सालीं पडलेला प्रश्नच या मंडळींपुढें होता. मात्र त्यांचें उत्तर निराळें होतें. आश्रमांत येणारी स्त्री शिकून पुन्हां जगांत जावी, हा त्यांचा हेतु होता.

विशेष हा कीं, खुद्द ख्रिस्ती मठांचेंहि तोंड याच काळांत जगाकडे वळलें होतें. १६३३ सालीं फ्रान्समध्यें व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनीं, भिंती न घालतां रस्त्यावर जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या भगिनींचा संघ काढला. अशा फिरत्या भगिनींस पूर्ण अर्थानें व्रतस्थ मानण्यास रोमनें वेळ लावला; ती मान्यता १९०० सालीं मिळाली. भारतांत १८४१-४२ च्या सुमारास लोरेटोच्या भगिनी कलकत्त्यास व जीझस अँड मेरीच्या भगिनी आग्र्यास आल्या, आणि पाहतां पाहतां शाळा, इस्पितळें व अनाथगृहें देशभर पसरलीं. मराठी घराला ठाऊक असलेलें ‘कॉन्व्हेंट’ तें हेंच. मदर तेरेसा १९२९ सालीं लोरेटोची उमेदवार म्हणून कलकत्त्यास आल्या. जवळजवळ वीस वर्षें मठांत राहून शिकविल्यावर १९४८ सालीं त्यांनीं मठाबाहेर राहण्याची परवानगी मिळविली आणि १९५० सालीं आपला स्वतंत्र संघ स्थापिला. मेनेझिसनें ज्या दाराला कुलूप घातलें, तें दार साडेतीनशें वर्षांनीं एका संन्यासिनीनेंच आंतून उघडलें, असें म्हणतां येईल.

आज या संस्थेची स्थिति दुहेरी आहे. १९७० च्या सुमारास जगांत कॅथलिक संन्यासिनींची संख्या सुमारें दहा लाख होती. आतां ती सहा लाखांच्या आसपास उतरली आहे. युरोप-अमेरिकेंतील कित्येक मठांतून वृद्ध स्त्रियाच तेवढ्या उरल्या आहेत, आणि सांता मोनिकेंत राजाज्ञेनें जें घडलें तें तेथें आपोआप घडत आहे. याचें कारण केवळ धर्मश्रद्धेचा ऱ्हास असें मानणें बरोबर नाहीं. शिक्षण, नोकरी, स्वतःचें घर, म्हातारपणाची तरतूद आणि अविवाहित राहण्याची मोकळीक, या ज्या गोष्टींसाठीं पूर्वीं मठाखेरीज दुसरी जागा नव्हती, त्या आतां पुष्कळ ठिकाणीं स्त्रीला मठाबाहेर मिळूं लागल्या. भारतांत मात्र या भगिनींची संख्या अद्यापि लाखाच्या घरांत आहे, आणि दूरच्या खेड्यांतील दवाखाना किंवा शाळा पुष्कळदां त्यांच्यावरच चालते.

दुसरीकडे, जे मठ मेले होते ते पुन्हां उठूंहि लागले आहेत. श्रीलंकेंतील भिक्षुणीसंघ अकराव्या शतकांत चोळांच्या स्वाऱ्यांनंतर नष्ट झाला होता. १९९६ सालीं सारनाथ येथें आणि १९९८ सालीं बोधगया येथें झालेल्या दीक्षाविधींनीं तो पुन्हां सुरू झाला, जरी सनातनी भिक्षूंना तो सर्वत्र मान्य नाहीं. हुबळीजवळच्या मुंडगोड येथें २०१६ सालीं वीस तिबेटी भिक्षुणींना ‘गेशेमा’ ही तत्त्वज्ञानांतील सर्वोच्च पदवी प्रथमच देण्यांत आली. जैन समाजांत सुशिक्षित तरुणी आजहि साध्वी होतात. आणि त्याबरोबरच अजाण वयांतील दीक्षेचा वादहि तेथें शिल्लक आहे. बडोदें संस्थानानें १९३३ सालींच अज्ञान मुलामुलींच्या संन्यासदीक्षेविरुद्ध कायदा केला होता. संमतीचा तो जुना प्रश्न अद्यापि मिटलेला नाहीं.

तेव्हां आधुनिक जीवनांत अशा मठांना स्थान आहे काय, या प्रश्नाचें उत्तर मठाच्या भिंतींत नाहीं. तें भिंतींबाहेरच्या समाजांत आहे. जेथें मुलीपुढें शाळा, व्यवसाय, विवाह आणि एकटें राहणें असे सर्व रस्ते मोकळे असतील, आणि तरीहि ती विचारपूर्वक मठाचा रस्ता धरील, तेथें तिच्या संन्यासाला पूर्वीं कधीं नव्हतें इतकें मोल आहे. जेथें हुंड्याच्या भीतीनें, गरिबीनें किंवा बापाच्या शब्दाखातर ती आंत जाईल, तेथें विसावें शतक उलटलें तरी सोळावें सरलें नाहीं, असेंच म्हटलें पाहिजे. आणि हीच कसोटी विवाहालाहि लागू आहे, हें मराठी घरांनीं विसरूं नये. कारण लेकीच्या लग्नांत तिची पसंती शेवटीं विचारणारीं घरें अद्यापि थोडीं नाहींत.

सांता मोनिकेच्या वास्तूचें पुढें काय झालें, हें सांगून हा विषय पुरा करणें उचित होईल. १९६४ सालीं त्या ओसाड मठांत ‘मातेर देई’ नांवाची संस्था उघडली. निरनिराळ्या संघांतील भगिनींना ईश्वरविद्येचें उच्च शिक्षण देणें हा तिचा हेतु. मठाच्याच एका भागांत ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे. तेथें येणारे प्रवासी जुन्या मूर्ति व चांदीचीं भांडीं पाहतात आणि चौकांतून हिंडून संध्याकाळीं परत जातात. ज्या ओवऱ्यांतून एके काळीं एकदां आंत गेलेली मुलगी पुन्हां बाहेर येत नसे, तेथें स्त्रिया ग्रंथ हातांत घेऊन आंत गेल्या, शिकल्या आणि आपापल्या कामावर निघून गेल्या. इमारत तीच, भिंती त्याच आणि जांभा दगडहि तोच. बदल झाला तो एवढाच कीं, दाराची कडी आतां आंतल्या बाजूस आहे.